धोंडुबाईंना पाच तास जास्त

"धाकल्या आज्जीला पंधरा तास लागत्यात आनि तुला धा," पूर्णिमाने वहीतून मान वर न काढता सांगितलं.

तव्यावरची भाकरी उलटणाऱ्या चिमणाबाईंचा हात थांबला. "कशाला गं?"

"भाकरी कराय. अर्ध्या पोत्याच्या. सरांनी पेपरात घातलंय की."

"आमची नावं घालून?"

"व्हय. तुझं पयलं हाय."

चिमणाबाईंनी भाकरी चुलीतल्या आरावर उभी केली. ती टम्म फुगली, आणि तिच्याबरोबर चिमणाबाईही थोड्या फुगल्या. समोर काठवटीत पीठ मळत बसलेल्या त्यांच्या धाकट्या जाऊबाई धोंडुबाई मात्र काही बोलल्या नाहीत. धोंडुबाई बोलत असल्या की घरात सगळं ठीक आहे असं समजायचं, हे त्या घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. ते उठून बाहेर गेलं.

पाहायला गेलं तर दोष बसवेश सरांचा होता, पण हेतू वाईट नव्हता. माणूस मूळचा गडहिंग्लजकडचा, गणितात एम. एस्सी. झालेला. नोकरी मिळेना म्हणून कोल्हापुरात आला आणि कृष्णात वस्तादांच्या माडीवरची खोली भाड्याने घेऊन तिथेच राहून दहावीचे क्लास घेऊ लागला. खाली सोप्यात वस्तादांची बायको चिमणाबाई आणि भावजय धोंडुबाई यांचं भाकरी केंद्र, वर बीजगणित. खालचा धूर वर जायचा आणि वरचं बीजगणित पूर्णिमाच्या तोंडून खाली यायचं, कारण वस्तादांची ही नात सरांच्याच क्लासला होती.

सरांची पोरं हुशार होती. पण पुस्तकात एखादी टाकी आणि तिला दोन नळ आले की त्यांच्या तोंडावरची माशी हलत नसे. कुणाची टाकी, कुठले नळ, भरेना का ती कधीही. म्हणून सरांनी एक युक्ती काढली. गणितात गल्लीतली माणसं आणायची. पहिल्यांदा त्यांनी वस्तादांची मोटारसायकल पेठ वडगावला पाठवली. वेग ताशी दहा किलोमीटरने वाढवला असता तर वस्ताद किती लवकर पोचले असते, हे काढताना पोरं चहाची सुट्टी विसरली. वस्ताद तर आठवडाभर रस्त्यात लोकांना थांबवून सांगत होते, "आमची गाडी गणितात हाय." एवढं यश मिळाल्यावर कुठला मास्तर थांबेल?

पुढच्या सराव पेपरात त्यांनी नळांचं गणित घेतलं, आकडे होते तसेच ठेवले आणि नळ काढून जावा घातल्या. 'चिमणाबाई व धोंडुबाई दोघी मिळून अर्ध्या पोत्याच्या भाकऱ्या सहा तासांत करतात. एकट्या धोंडुबाईंना तेच काम करण्यास एकट्या चिमणाबाईंपेक्षा पाच तास जास्त लागतात. तर प्रत्येकीला एकटीने किती तास लागतील?' गणित म्हणून त्यात काही चूक नव्हती. चिमणाबाईंचे तास क्ष, धोंडुबाईंचे क्ष अधिक पाच. एका तासात एकीचं काम एक छेद क्ष, दुसरीचं एक छेद क्ष अधिक पाच, आणि दोन्हींची बेरीज एक षष्ठांश. छेद उडवले की वर्गसमीकरण उरतं आणि दोन उत्तरं मिळतात, दहा आणि उणे तीन. पण दोन नळ एकमेकांचे कुणी लागत नसतात, आणि जावा लागतात, एवढी गोष्ट सरांच्या ध्यानात आली नाही.

"दोन उत्तरं येत्यात," पूर्णिमा खाली समजावत होती. "धा आनि उणे तीन. उणे तीन सोडून द्यायचं."

"का सोडायचं?" धोंडुबाईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"तास उणे कसे असतील, आज्जी? म्हंजे काम सुरू व्हायच्या आदीच तीन तास झालेलं असंल."

"मग ते माझं हाय. ही उठायच्या आदी तीन तास मी उठतोय, पीठ चाळतोय, चूल सारवतोय, पाणी भरतोय. ते कुठं धरलंय तुज्या मास्तरनं? सोडून दिलं व्हय?"

चिमणाबाईंनी गालातल्या गालात हसून पुढची भाकरी मागितली. तेवढं हसणं पुरेसं झालं. धोंडुबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि त्या आपल्या खोलीत जाऊन झोपल्या. भर दुपारी धोंडुबाईंना झोपलेलं त्या घरात कुणी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसवेश माडीवरून खाली आला तेव्हा 'चिमणाबाई-धोंडुबाई भाकरी केंद्र' या पाटीच्या उजव्या अर्ध्या भागावर, बरोबर धोंडुबाईंच्या नावावर, टॉवेल वाळत घातला होता. चूल थंड होती. सोप्यात वस्ताद एकटेच मांडी घालून बसले होते आणि त्यांच्यासमोर पावाचा पुडा होता. आयुष्यभर तालमीत घालवलेला आणि भाकरीवर वाढलेला माणूस पाव खाताना बघवत नाही.

"सर," वस्ताद म्हणाले, "तुमी पेपर काढला न्हवं?"

"होय. का, काय झालं?"

"काय न्हाय. बसा. पाव खावा."

सगळी हकीकत ऐकून बसवेशने हातातला पाव परत पुड्यात ठेवला. गल्लीतली दोन माणसं रुसली म्हणून नव्हे. येत्या रविवारी त्याचा साखरपुडा होता, आणि त्या पंगतीच्या भाकऱ्या याच दोघींना सांगितल्या होत्या.

त्याआधी दोन ठिकाणी बसवेशचं जमता जमता मोडलं होतं. "क्लास म्हंजे काय नोकरी न्हवं," असं दोन्हीकडच्या पाव्हण्यांनी सांगितलं होतं. तिसरं स्थळ निपाणीकडचं, भरमाप्पांची मुलगी विद्याश्री. बघायच्या कार्यक्रमात तिने त्याला एकच प्रश्न विचारला, "तुम्ही मुलांना मारता का?" तो नाही म्हणाला तेव्हा ती हसली. त्या हसण्यानंतर बसवेशने फळ्यावर दोनदा अधिकच्या जागी उणे लिहिलं होतं, आणि पोरांनी दोन्ही वेळा पकडलं होतं. भरमाप्पा मात्र हसले नव्हते. "साखरपुडा तुमच्याकडंच करू," ते म्हणाले होते. "घर बघतो, शेजार बघतो, जेवतो. मग होकाराचा नारळ द्यायचा का न्हाई ते ठरवतो. आनि जेवण हाटेलातलं नगं. शाळूची भाकरी पायजे, पातळ आनि मऊ." भरमाप्पांचे दात निम्मे गेले होते, त्यामुळे भाकरीच्या बाबतीत त्यांची मतं ठाम होती.

बसवेश धोंडुबाईंच्या खोलीच्या दाराशी गेला. "मावशी, ते गणित काल्पनिक होतं."

"काल्पनिक म्हंजे?"

"म्हणजे खरं नाही. मनानं रचलेलं."

"मग नाव खरं कसं घातलासा?"

बसवेशने खिशातला खडू काढला आणि परत ठेवला. "आणि," धोंडुबाई म्हणाल्या, "मनानं रचायचंच हुतं तर मलाच का जास्त घातलासा? तिला का न्हाय?"

हा मुद्दा बसवेशला पटला. गणिताच्या माणसाला बरोबरीचा न्याय लगेच पटतो. त्याने त्याच संध्याकाळी नवा पेपर काढला आणि दोघींच्या नावांची अदलाबदल केली. आता एकट्या चिमणाबाईंना पाच तास जास्त लागू लागले. पेपर खाली पोचला, पूर्णिमाने सोडवला आणि टॉवेल पाटीच्या डाव्या बाजूला सरकला.

"काल मला धा तास लागत हुतं," चिमणाबाईंनी माडीवर येऊन भर वर्गात विचारलं, "आज पंधरा? एका रात्रीत म्हातारी झालो काय मी?"

"मावशी, हे फक्त—"

"तिनं काय चारलं तुमास्नी? पेढं चारलं का पैसं दिलं?"

पोरं जीव लावून ऐकत होती. वर्गसमीकरणात त्यांचं इतकं लक्ष कधीच लागलं नव्हतं.

धोंडुबाई तरी खूश झाल्या असतील म्हणावं, तर तेही नाही. "मी बोललो म्हनून बदललासा," त्या म्हणाल्या. "म्हंजे पयलं खरं हुतं." बसवेश आगीतून फुफाट्यात पडला होता. त्याने रात्री विचार करून शेवटचा उपाय काढला. तिसऱ्या पेपरात त्याने लिहिलं, 'दोघींना एकटीने तेच काम करण्यास सारखाच वेळ लागतो.' उत्तर बारा. दोघींना बारा. आता कुणाची तक्रार राहणार?

पहिली तक्रार पूर्णिमाने केली. "सर, ह्यात क्षचा वर्ग येतच न्हाय. हे तर सातवीतलं गणित झालं."

"आजच्या दिवस राहू दे, पूर्णिमा."

"पण बोर्डात असलं येत न्हाय, सर."

दुसरी आणि तिसरी तक्रार एकदमच आली. तीन दिवस एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या जावा जिन्यात एकामागोमाग एक उभ्या होत्या आणि पहिल्यांदाच एकच वाक्य बोलत होत्या. "तिची नि माझी बरोबरी?"

खाली उतरताना दोघींनी एकमेकींना वाट दिली नाही. वस्तादांचा पाव संपला होता, आता ते बिस्किटांवर आले होते.

शनिवारी गडहिंग्लजहून बसवेशची आई चन्नम्मा आली. पिशव्या ठेवायच्या आत तिने विचारलं, "भाकरीचं झालं न्हवं?"

"होतंय, अव्वा."

"होतंय म्हंजे? उद्या पाव्हणं येणार. भरमाप्पांनी सकाळी फोन केलाता. गोड हुग्गीचं इचारलं न्हाई, वांग्याचं इचारलं न्हाई. भाकरी कोण करतंय, एवढंच इचारलं."

बसवेशने दुसरी भाकरी केंद्रं पालथी घातली. एकीकडे लग्नाची ऑर्डर होती. दुसरीकडची बाई तयार होती, पण पत्ता ऐकल्यावर तिने हात जोडले. "चिमणाबाईच्या दारात मी भाकरी टाकू? मला ह्याच गावात ऱ्हायचं हाय, सर." शेवटी तो वस्तादांपुढे जाऊन बसला आणि त्याने आपल्या साखरपुड्याची सगळी कर्मकथा सांगितली. वस्तादांना वाईट वाटलं. तसे ते फार मायाळू, पण जगातल्या कुठल्याही भांडणावर त्यांना एकच औषध माहीत होतं.

"निकाली कुस्ती लावायची," ते म्हणाले.

"दोघींची?"

"भाकरीची वो. अंगणात दोन चुली मांडायच्या. पीठ निम्मं निम्मं. एकीनं दुसरीकडं बघायचं न्हाय. जिची शेवटची भाकरी आदी उतरंल ती जितली. मग गणित खरं का खोटं ते गल्लीम्होरं ठरंल, आनि तुमचं काम बी हुतंय."

वस्तादांनी दोन्ही खोल्यांच्या दारात जाऊन आव्हान दिलं. दोघींनीही ते एका श्वासात घेतलं. चिमणाबाई म्हणाल्या, "निम्मं कशाला, अख्खं मी करतो." धोंडुबाई म्हणाल्या, "तिचं उरलेलं बी मीच करीन."

बसवेशला हायसं वाटलं. रात्री त्याने कागदावर मांडणी केली. पीठ निम्मं, म्हणजे वेळ निम्मा. एकीला पाच तास, दुसरीला साडेसात. पहाटे पाचला चुली पेटल्या तर काहीही झालं तरी साडेबाराला शेवटची भाकरी उतरणार आणि एकला पंगत बसणार. तो निश्चिंत झोपला. हे आकडे आपण कुठल्याशा टाकीच्या नळांवरून उचलून आणले आहेत, हे तो साफ विसरून गेला होता. आपणच रचलेल्या गोष्टीवर माणसाचा जेवढा विश्वास बसतो, तेवढा दुसऱ्या कशावर बसत नाही.

रविवारी पहाटे अंगणात अख्खी गल्ली जमली. तालमीच्या पोरांनी हलगी आणली होती. वस्तादांनी फेटा बांधून दोन्ही चुलींना हळदकुंकू वाहिलं, आणि मध्ये उभं राहून शिट्टी मारली. चिमणाबाई पूर्वेकडच्या चुलीला, धोंडुबाई पश्चिमेकडच्या. दोघींच्या पाठी एकमेकींकडे. बसवेश नवा झब्बा घालून, हातात मोबाइलचं घड्याळ घेऊन पंच म्हणून उभा राहिला.

पहिल्या काही मिनिटांतच त्याला काहीतरी खटकलं. धोंडुबाईंनी काठवटीत भाकरी थापली. अशी गोल आणि पातळ, की चंद्राने बघून घ्यावी. ती तव्यावर टाकून त्यांनी लगेच दुसरा गोळा घेतला आणि मान खाली घालून थापायला सुरुवात केली. तव्यावरची भाकरी त्यांनी उलटलीच नाही. धूर निघाला तरी त्यांचे हात थापतच होते. कुणीतरी "मावशी, भाकरी" म्हणालं तेव्हा त्या दचकल्या. भाकरीचं एक अंग कोळसा झालं होतं आणि दुसरं कच्चं.

पूर्वेकडे याच्या उलट चाललं होतं. चिमणाबाईंचा तवा बरोबर तापला होता, आर बरोबर होता, हात उलथन्यावर तयार होता. फक्त तव्यावर टाकायला काही नव्हतं. त्यांनी गोळा घेऊन थापला तर कडा फाटल्या. पुन्हा मळून थापला तर मधे जाड आणि बाजूला विरविरीत. तिसऱ्या वेळी भाकरी उचलताना दोन तुकडे झाले. ते दोन्ही तुकडे त्यांनी भाजले मात्र असे खमंग, की वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

हलगी आपोआप हळू झाली आणि मग थांबली. बसवेश वस्तादांपाशी सरकला.

"वस्ताद, हे काय चाललंय?"

वस्तादांचं तोंड उतरलं होतं. "लगीन झाल्यापास्नं ही भाजती आनि ती थापती," ते हळूच म्हणाले. "दुसरं कवा झालंच न्हाय."

"मग हे आधी सांगायचं की हो."

"तुमी इचारलं कुठं? मला वाटलं गणितात धरलं असंल."

बसवेश मटकन खाली बसला. एक छेद क्ष नव्हतं आणि एक छेद क्ष अधिक पाचही नव्हतं. एकटीला किती तास लागतील, याचं उत्तर दोन्ही चुलींवर धुमसत होतं. एकटीने हे काम होतच नव्हतं. आणि दोघींनाही ते कळलं होतं, कारण दोघींचेही कान लाल झाले होते. पण चार माणसांत उठून पहिलं पाऊल कुणी टाकायचं? पश्चिमेला काळ्या भाकऱ्यांची चळत वाढत होती, पूर्वेला तुकड्यांची. चन्नम्माने माडीवरून खाली पाहिलं आणि कठड्याला धरून डोळे मिटले.

सूर्य चांगला वर आला. बसवेशला निपाणी दिसू लागली, आपल्याच आवाजात "मुलांना मारत नाही" म्हणणारा आपला चेहरा दिसू लागला, आणि ती हसली होती ते दिसू लागलं. हे तिसरंही मोडणार होतं, आणि या वेळी क्लासमुळे नव्हे, त्याच्या स्वतःच्या हुशारीमुळे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याला अगदी रडू यायला झालं.

मग तो उठला. मोबाइल खिशात टाकला, पश्चिमेच्या चुलीपाशी गेला आणि धोंडुबाईंनी नुकतीच थापलेली भाकरी काठवटीतून अलगद दोन्ही तळव्यांवर घेतली. धोंडुबाई बघत राहिल्या. तो ती भाकरी तशीच जपत, अंगण ओलांडून चिमणाबाईंकडे गेला आणि त्याने ती तव्यावर सोडली. चिमणाबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांचा हात भाकरीवरून पाणी फिरवू लागला. भाकरी उलटली, आरावर उभी राहिली आणि टम्म फुगली. तोवर बसवेश दुसरी आणायला पळाला होता.

यात कुणी कुणाकडे गेलं नव्हतं, कुणाची हार झाली नव्हती. मास्तर पळत होता, पळू दे.

भरमाप्पांची जीप ठरल्या वेळेच्या दोन तास आधी आली, कारण वेळेवर जाणं म्हणजे उशीर, असा त्यांचा समज होता. ते अंगणाच्या दारात आले तेव्हा त्यांचा होणारा जावई दोन्ही तळव्यांवर कच्ची भाकरी घेऊन लगबगीने चालला होता. झब्बा कोपरापर्यंत पिठाने माखलेला, केसांत राख, आणि अख्खी गल्ली कडेने गप्प उभी.

"हे काय हाय?" भरमाप्पांनी विचारलं.

"साखरपुडा हाय," वस्ताद फेटा सारखा करत म्हणाले.

बसवेशला थांबता येईना, कारण हातातली भाकरी थांबली असती तर तुटली असती. "नमस्कार मामा," म्हणत तो तसाच पुढे गेला. परत येताना त्याला दिसलं, की विद्याश्री चपला काढून, साडीचा पदर खोचून अंगणाच्या मधोमध येऊन उभी आहे आणि तिने दोन्ही तळवे पुढे केले आहेत.

"निम्म्यातनं माझ्याकडं द्या," ती म्हणाली. "दमलाय तुम्ही."

त्याने पुढची भाकरी तिच्या तळव्यांवर ठेवली. भाकरी तुटली नाही. आता काम दुप्पट वेगाने चाललं. थोड्या वेळाने पूर्वेकडून आवाज आला.

"मास्तर, तिला सांगा, कडा जरा पातळ ठेव."

बसवेशने धोंडुबाईंना सांगितलं. "तिला सांगा," त्या म्हणाल्या, "आर जास्त झालाय, वास येतोय मला हितनं."

निरोप विद्याश्रीमार्फत पोचला. "तिला म्हनावं, मला शिकवू नगं."

"तिला म्हनावं—" धोंडुबाईंनी अर्ध्यावर मान वळवली आणि थेट ओरडून सांगितलं, "आवं आक्का, लाकूड मागं वढा, जळाय लागलंय समदं!"

"मग हितं येऊन वढ की. मला काय चार हात हायत?"

धोंडुबाई उठल्या. त्यांनी काठवट उचलली, अंगण ओलांडलं, चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि चिमणाबाईंच्या शेजारी फतकल मारून बसल्या. त्यानंतर दोघींनी लाकडावरून, पाण्यावरून आणि पंधरा वर्षांपूर्वी फुटलेल्या एका माठावरून तोंड भरून भांडण केलं, आणि ते करता करता भाकऱ्या पडत राहिल्या. वस्तादांनी पहिली गरम भाकरी पळवली आणि ती कोपऱ्यात जाऊन, भिंतीकडे तोंड करून खाल्ली.

एकची पंगत दोनला बसली. भरमाप्पांनी भाकरी हातात घेतली, पापुद्रा उचलून पाहिला, वांग्याच्या रश्शात बुडवली आणि डोळे मिटून चावली. चन्नम्मा वाढायची पळी हातात धरून उभी राहिली. बसवेशला ते काही बघवेना, तो ताटातल्या शेंगदाण्याच्या चटणीकडे बघत बसला. भरमाप्पांनी दुसरी भाकरी मागितली. मग तिसरी. मग ते हात धुऊन आले आणि त्यांनी बसवेशला अंगणाच्या कडेला बोलावलं.

"मगाशी इचारलो मी लोकास्नी," ते म्हणाले. "सगळं कळलं. तुमच्या एका गणितानं ह्या दोघींची चूल इझली, व्हय न्हवं?"

"होय मामा. चूक माझी होती. परत कधी—"

"थांबा. नारळ तर देतोय मी. पोरगीनं तुमच्या हातातली भाकरी आपल्या हातात घेतली, ती बी समद्या गल्लीम्होरं. आता त्यात ठरवाय काय ऱ्हायलंय?"

बसवेशने वाकून नमस्कार केला आणि भरमाप्पांच्या धोतरावर पिठाचे दोन पंजे उमटले.

"पण एक अट हाय," भरमाप्पा आवाज खाली आणून म्हणाले.

"सांगा की मामा."

"माझी दोन पोरं हायत. भांड्यांचं दुकान दोघंच बघत्यात. थोरला म्हणतोय मी करतो, धाकटा म्हणतोय मी करतो. एकमेकास्नी तोंडानं काय बोलत न्हाईत, मनात धरून बसत्यात. त्यास्नी असंच एकदा गणितात घाला. दोघं मिळून दुकान बुडवाय किती वर्सं लागतील, आनि एकट्याएकट्यानं किती, एवढं काढून द्या. लग्नाच्या आत पायजे."

एवढं बोलून ते पान खायला गेले. बसवेश तिथेच उभा राहिला. 'एकट्या धाकट्यास थोरल्यापेक्षा' एवढे शब्द मनात आपोआप जुळूही लागले होते. गणिताच्या माणसाची खोड अशी एका आठवड्यात जात नाही.

ताकाचा तांब्या घेऊन विद्याश्री त्याच्या बाजूला आली. "बाबांनी काय सांगितलं?"

त्याने सांगितलं. तिने ताक ओतता ओतता अंगणात पाहिलं. तिचे दोन्ही भाऊ पंगतीच्या दोन टोकांना बसून, आपल्याला भाकरी आधी वाढली की दुसऱ्याला, हे बघत होते.

"थोरल्या अण्णाचं नाव आधी घातलं तर धाकटा लग्नाला येणार न्हाई," ती म्हणाली. "धाकट्याचं घातलं तर थोरला मांडवच घालू देणार न्हाई."

"आणि दोघांना सारखं घातलं तर?"

"तर दोघं मिळून तुमच्याकडं येतील."

बसवेशने ताकाचा पेला तसाच हातात धरला. "मग मी काय करू?"

"लग्न होईस्तोवर भूमिती घ्या," विद्याश्री म्हणाली. "त्रिकोणाला कुणाचं नाव घालाय लागत न्हाई."